ओळखीच्या शब्दांचा दगा

ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला ठाऊक नसतो, त्या शब्दापासून सहसा काही धोका नसतो. आपण अडखळतो, शब्दकोश उघडतो, नाहीतर शेजारच्याला विचारतो आणि पुढे जातो. २०१७च्या मे महिन्यात शशी थरूर यांनी एका ट्वीटमध्ये ‘फॅरागो’ हा शब्द वापरला, तेव्हा इंग्रजी वाचणाऱ्या बऱ्याच लोकांनी हेच केलं. लॅटिनमध्ये हा मूळचा जनावरांच्या मिश्र चाऱ्याचा शब्द, पुढे कसल्याही भेसळीला लागू झालेला. दुसऱ्या वर्षी त्यांनी ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ बाहेर काढला. एखादी गोष्ट कवडीमोल समजणे, एवढाच त्याचा अर्थ. अठराव्या शतकात लॅटिन व्याकरण घोकून कंटाळलेल्या इंग्रजांनी ‘कवडीमोल’ अर्थाचे चार लॅटिन शब्द एकापुढे एक जोडून केलेली ती गंमत आहे. २९ अक्षरांची. आपल्याकडे लोकांनी ती पाठ केली, मित्रांत म्हणून दाखवली, टाळ्या घेतल्या.

थरूर यांच्यावर माझा काही राग नाही. शब्दांची हौस असलेला माणूस राजकारणात आहे ही तशी बरीच गोष्ट. पण या सगळ्या कौतुकाच्या मागे एक समजूत आहे आणि ती चुकीची आहे. जुनं, अवघड इंग्रजी म्हणजे असे जबडा दुखवणारे शब्द, ते पाठ केले की जुनं इंग्रजी आलं, अशी ती समजूत. शाळा-कॉलेजात, परीक्षांच्या शिकवण्यांत, अगदी कायद्याची भाषा सुधारायला बसलेल्या समित्यांतही ती ठाण मांडून आहे. प्रत्यक्षात घोटाळा करतात ते रोजचे शब्द. लेट, लीव्ह, फाँड, डिअर, डिटरमिन. हे शब्द कोणी शब्दकोशात शोधत नाही, कारण ते येतात असं प्रत्येकाला वाटतं. आपला वेळ, पैसा आणि सुधारणेचा उत्साह दुर्मीळ शब्दांवर खर्च होतो आणि ओळखीच्या शब्दांचे जुने अर्थ राहतात वाऱ्यावर, हे माझं म्हणणं आहे.

पासपोर्ट काढून बघा. राष्ट्रपतींच्या नावाने त्यात एक विनंती छापलेली असते: या पासपोर्टच्या धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ जाऊ द्यावं. हिंदी मजकुरात त्या जागी ‘बिना रोक-टोक’ आहे. आता ‘लेट’ म्हणजे करू देणे, हे दुसरीतल्या पोरालाही येतं. मग भारताचे राष्ट्रपती परदेशी अधिकाऱ्याला काय सांगताहेत, की याला जाऊ न देता जाऊ द्या? भानगड अशी की जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती. एकाचा अर्थ मुभा देणे, दुसऱ्याचा अडवणे. उच्चार झिजत गेले आणि दोन्ही एकसारखी झाली. एकाच शब्दात दोन उलटे अर्थ किती दिवस नांदणार? अडवणारा ‘लेट’ मागे पडला, पण पुरता मेला नाही. तो पासपोर्टात राहिला. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडे पडला की पंच ‘लेट’ म्हणतात, तिथेही राहिला.

आणि राहिला शेक्सपिअरमध्ये. बापाचं भूत हॅम्लेटला खुणावतंय, सोबती त्याला धरून ठेवताहेत, आणि तो ओरडतो, “आय विल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी!” आजच्या इंग्रजीने वाचलं तर ‘जो मला जाऊ देईल त्याचं भूत करीन’. म्हणायचंय ते बरोबर उलट. इथे प्रसंगच वाचकाला वाचवतो, कारण रंगमंचावर झटापट चाललेली असते आणि उलटा अर्थ तिथे बसतच नाही. भीती आहे ती दोन्ही अर्थ बसतात तिथे.

‘किंग लिअर’च्या चौथ्या अंकाच्या शेवटी म्हातारा राजा शुद्धीवर येतो. ज्या मुलीला त्याने हाकलून दिलं ती कॉर्डेलिया समोर उभी असते. तो म्हणतो, “आय ॲम अ व्हेरी फूलिश फाँड ओल्ड मॅन.” आजचा विद्यार्थी हे वाक्य न अडखळता वाचतो. फूलिश म्हणजे मूर्ख, फाँड म्हणजे प्रेमळ, माया करणारा. मी मूर्ख असेन, पण पोरी, जीव लावणारा म्हातारा आहे. डोळ्यांत पाणी येतं, उत्तरपत्रिकेत चार ओळी लिहिल्या जातात, गुणही मिळतात. पण शेक्सपिअरच्या काळी ‘फाँड’चा पहिला अर्थ खुळा, बुद्धी चळलेला असा होता. माया हा अर्थ त्या खुळेपणातूनच हळूहळू वर आला. लिअरच्या वाक्यातली दोन्ही विशेषणं एकाच बाजूची आहेत. तो मायेचा दाखला देत नाही, सवलत मागत नाही. पुढच्याच ओळींत तो वयाची ऐंशी उलटल्याचं सांगतो आणि म्हणतो, माझं डोकं ठिकाणावर नाही अशी मला भीती वाटते. ‘प्रेमळ’ हा अर्थ लावला की लिअर जरा गोड होतो आणि त्याच ठिकाणी हातचा जातो.

त्याच नाटकात वेड्याचं सोंग घेतलेला एडगर म्हणतो की उंदीर, घुशी ‘अँड सच स्मॉल डिअर’ यांच्यावर मी सात वर्षं काढली. उंदरांच्या पंगतीला हरणं कशी? तेव्हा ‘डिअर’ म्हणजे कुठलाही प्राणी. जर्मनमध्ये त्याचा सख्खा भाऊ ‘टिअर’ अजून प्राणी याच अर्थाने फिरतो. इंग्रजीत मात्र तो शब्द आकसत आकसत हरणापुरता उरला. मराठी वाचकाला हे समजायला भाषाशास्त्र लागू नये, कारण आपल्या ‘मृग’चंही हेच झालं. सिंहाला मृगराज म्हणतात, माकडाला शाखामृग म्हणतात, शिकारीला मृगया म्हणतात, आणि नुसता मृग म्हटलं की हरीण. अगदी शेवटी मेलेल्या कॉर्डेलियाला कवटाळून लिअर म्हणतो, “अँड माय पूअर फूल इज हँग्ड.” नाटकातल्या विदूषकाचं नावही ‘फूल’ असल्याने यावर पंडितांनी भरपूर शाई खर्च केली. पण ‘फूल’ हा तेव्हा लाडाचाही शब्द होता. मराठी आईबाप पोरीला ‘वेडे’ म्हणतात, तसाच.

आता प्रश्न येतो की हे नाटक आजच्या इंग्रजीत आणावं का. २०१५ साली अमेरिकेतल्या ओरेगन शेक्सपिअर महोत्सवाने ३६ नाटककारांना ३९ नाटकं आजच्या इंग्रजीत करायला दिली, तेव्हा त्यावर मोठं वादळ उठलं. शेक्सपिअरला हात लावणं म्हणजे देव बाटवणं, असाच एकूण सूर. मराठी माणसाला त्या वादाची थोडी गंमत वाटते. आपल्याला शेक्सपिअर पहिल्यापासून चालू मराठीतच भेटला आहे. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं ते १८८३च्या मराठीत. विंदा करंदीकरांनी १९७४ मध्ये ‘राजा लिअर’ केला तो त्यांच्या काळच्या मराठीत, आणि त्याच विंदांनी पुढे ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चं अर्वाचीनीकरण करताना कोणाची परवानगी मागितली नाही. अनुवादकाला ‘फाँड’वरून घसरून पुढे जाता येत नाही. त्याला खुळा की प्रेमळ हे ठरवावंच लागतं. इंग्रज प्रेक्षकाच्या वतीने हे कोणी ठरवत नाही, म्हणून त्याला शब्द सगळे ऐकू येतात आणि अर्थ निसटतो.

तरीही ओरेगनच्या प्रयोगात मला एक खोट दिसते. जी ओळ समजते ती तशीच ठेवायची, जी कळत नाही तिलाच हात लावायचा, असं तिथल्या नाटककारांना सांगितलेलं होतं. दिसायला शहाणपणाचा नियम. पण ‘फूलिश फाँड ओल्ड मॅन’ ही ओळ समजते की समजत नाही? ज्याला ती समजली असं वाटतं तो तिला हात लावणारच नाही. रंगभूमीवर नवी भाषा आणायला माझी हरकत नाही, ती आणावीच. अट एवढीच की ओळ ‘अवघड’ वाटते का हा निकष नको.

हे माझं एकट्याचं खूळ नाही. इंग्रजी बायबलचा १६११चा अनुवाद सुधारून १९५२ साली अमेरिकेत नवी आवृत्ती काढणाऱ्या समितीने आपल्या प्रस्तावनेत नेमकं हेच लिहून ठेवलं आहे. जुनाट रूपं आहेत, पण ती कळतात. मृत शब्द आहेत, ते कळत नाहीत. पण सर्वांत मोठी अडचण त्या शब्दांची, जे आजही रोज वापरात आहेत आणि ज्यांचा अर्थ बदलला आहे. असे तीनशेहून जास्त शब्द त्यांनी मोजले. जिवंत माणसं मेलेल्यांना ‘प्रिव्हेंट’ करणार नाहीत, असं १६११च्या पौलाच्या पत्रात येतं. तिथे अडवण्याचा काही संबंध नाही, ‘त्यांच्या आधी जाणार नाहीत’ असा साधा अर्थ आहे. ‘कॉन्व्हर्सेशन’ म्हणजे संभाषण नव्हे, वागणूक. बोलणं शुद्ध ठेवा असा उपदेश पिढ्यान्‌पिढ्या ज्या वाक्यांवरून झाला असेल, त्यांत सांगितलं होतं आचरणाबद्दल.

साहित्यात आणि धर्मग्रंथात असा अर्थ चुकला तर रसभंग होतो, फार तर एखादं प्रवचन भरकटतं. कायद्यात चुकला तर माणसं भरडली जातात. अमेरिकेची राज्यघटना १७८७ची. तिच्या चौथ्या कलमात केंद्राने प्रत्येक राज्याचं ‘डोमेस्टिक व्हायलन्स’पासून रक्षण करावं असं म्हटलं आहे. आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे घरात बायकोला मारणारा नवरा येतो. तिथे अभिप्रेत आहे देशांतर्गत बंड, दंगा. याच राज्यघटनेत ‘इमॉल्युमेंट्स’ हा शब्द आहे, पदामुळे होणारी कमाई. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत त्यावरून खटले झाले, तेव्हा बातमीत तो शब्द आला की त्याचा अर्थही सोबत सांगितला जाई. कोणाची दिशाभूल झाली नाही, कारण तो कोणाला येतच नव्हता.

‘बेअर आर्म्स’चं तसं नाही. १७९१च्या दुसऱ्या दुरुस्तीतले हे दोन साधे शब्द. बेअर म्हणजे बाळगणे, आर्म्स म्हणजे शस्त्रं, झालं. २००८ साली ‘हेलर’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की व्यक्तीला स्वतःसाठी बंदूक बाळगण्याचा हक्क आहे. बहुमताचं निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी जुने शब्दकोश काढले, त्यात सॅम्युएल जॉन्सनचा १७७३चा होता, आणि एकेका शब्दाचा अर्थ लावला. विरोधी मत लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचं म्हणणं असं, की तो शब्दप्रयोग त्या काळी सैनिकी सेवेचा होता. पुढे भाषेच्या अभ्यासकांनी अठराव्या शतकातल्या मजकुराचे संगणकावरचे प्रचंड साठे चाळले आणि बहुसंख्य ठिकाणी ‘बेअर आर्म्स’ लढाईच्या, फौजेच्या संदर्भातच सापडला. बंदुकीच्या प्रश्नाचा निकाल यानेच लागावा असं मी म्हणत नाही. तो प्रश्न त्याहून मोठा आहे. पण सुटे शब्द ओळखीचे असले की जोडीचा अर्थही कळला असं मोठमोठ्या न्यायाधीशांनाही वाटू शकतं, एवढं यातून दिसतं. मराठीतल्या एका वाक्प्रचाराने हे पटेल: ‘हात टेकले’ याचा अर्थ ‘हात’ आणि ‘टेकणे’ शब्दकोशात बघून लागत नाही.

आता घराकडे येऊ. मी अनुवादाचं काम करतो आणि त्यात दस्तऐवज पुष्कळ येतात. आपल्याकडचे इंग्रजी दस्त म्हणजे जुन्या अर्थांचं आगर आहे. मुंबई-पुण्यात भाड्याने राहणाऱ्या जवळपास प्रत्येकाने ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर सही केलेली असते. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमाने त्याची नोंदणीही सक्तीची केली आहे. या ‘लीव्ह’चा अर्थ किती जणांनी विचारला असेल? कोणी म्हणतं अकरा महिन्यांनी सोडून जायचं म्हणून ‘लीव्ह’. एजंटांच्या पाट्यांवर तर सर्रास ‘लिव्ह’ असतं, म्हणजे राहणं. दोन्ही नाही. ‘लीव्ह’ म्हणजे परवानगी, आणि लायसन्स म्हणजेही परवानगी. नोकरीतली ‘लीव्ह’सुद्धा साहेबाने दिलेली परवानगीच, आणि तिच्यासाठी आपण वापरतो तो ‘रजा’ही मुळात संमतीचाच शब्द. करारात ‘लीव्ह’ मुद्दाम घातलेला असतो. घरमालक तुम्हाला जागेत कसलाही हक्क देत नाही, नुसती मुभा देतो, हे त्या शीर्षकातच सांगून टाकलेलं आहे. भाडेकरू आणि परवानाधारक यांत जो जमीन-अस्मानाचा फरक कायदा करतो, तो या शब्दावर उभा आहे.

कुलमुखत्यारपत्र सुरू होतं, ‘टु ऑल टु हूम दीज प्रेझेंट्स शॅल कम’. प्रेझेंट्स म्हणजे इथे भेटवस्तू नाहीत, ‘हा लेख’, ‘हा दस्त’. हा घोटाळा निदान विनोदी आहे. भाडेपट्ट्यातला नाही. जुन्या धाटणीच्या भाडेपट्ट्यात एक ठरलेलं वाक्य असतं: अटी मोडल्या तर मालक जागेत पुन्हा शिरू शकेल, ‘अँड देअरअपॉन धिस डिमाईज शॅल ॲब्सोल्यूटली डिटरमिन’. पदवीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माणसाला हे वाचायला द्या. डिमाईज म्हणजे निधन, हे वर्तमानपत्रं वाचून पक्कं झालेलं. डिटरमिन म्हणजे ठरवणे, निश्चय करणे. ‘त्यानंतर हे निधन पूर्णपणे ठरवील’? पण इथे डिमाईज म्हणजे भाडेपट्टा, पट्ट्याने दिलेली जागा ती ‘डिमाईज्ड प्रिमायसेस’. आणि डिटरमिन म्हणजे संपणे. वाक्याचा अर्थ एवढाच, की तिथे हा पट्टा कायमचा संपेल. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर या वाक्यावर अवलंबून आहे त्यालाच ते कळत नाही. वाक्य असं विचित्र लागलं तर तो एक वेळ वकिलाला विचारील तरी. पण ‘मालकास पट्टा डिटरमिन करण्याचा अधिकार राहील’ अशा अर्थाचं वाक्य आलं की ते सरळ लागतं: मालकाला पट्ट्याबद्दल ठरवण्याचा अधिकार. असणारच, मालक आहे तो. आणि पक्षकार पुढच्या पानाकडे वळतो.

हे फक्त दस्तलेखकांचं पाप नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १११व्या कलमाचं शीर्षकच ‘डिटरमिनेशन ऑफ लीज’ आहे. पट्टा पहिल्यांदा कशाने संपतो, तर ‘एफ्लक्स ऑफ द टाइम लिमिटेड देअरबाय’, म्हणजे ठरवून दिलेली मुदत सरल्याने. या एका ओळीत विद्यार्थी खूण कुठे करतो हे सांगायला ज्योतिषी नको. तो ‘एफ्लक्स’खाली रेघ मारतो, कारण तो शब्द त्याला येत नाही. ‘लिमिटेड’ आणि ‘डिटरमिन’ त्याला येतात ना!

सुधारणा करणाऱ्यांचं लक्षही असंच विचित्र शब्दांवर जातं. इंग्लंडने १९९९ साली दिवाणी प्रक्रियेचे नियम बदलले. ‘प्लेंटिफ’ जाऊन ‘क्लेमंट’ आला, ‘सपीना’ जाऊन साक्षीदाराचं समन्स आलं. चांगलं झालं, पण ‘सपीना’ हातात पडलेला माणूस काही निवांत झोपत नव्हता, तो विचारायला धावतच होता. आपल्याकडे १८६०ची भारतीय दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा ‘ठग’ची जुनी कलमं ३१० आणि ३११ वगळली गेली. एकोणिसाव्या शतकातल्या त्या टोळ्यांसाठी केलेली कलमं जायलाच हवी होती. पण ‘मिसचीफ’ आहे तिथेच आहे, फक्त ४२५चा ३२४ झाला. इंग्रजी शाळेत मिसचीफ म्हणजे खोडी. वर्गात खडू फेकणारा मुलगा ‘मिस्चिव्हस’. कायद्यात मिसचीफ म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेची जाणूनबुजून केलेली नासधूस, आणि तिचे गंभीर प्रकार तुरुंगात लांब मुक्काम घडवतात. जुन्या संहितेच्या मराठी पाठात त्याला ‘आगळीक’ म्हटलं होतं. हा शब्द थोडा जुना वाटेल, पण आगळीक ही कोणी खोडी समजणार नाही.

वकील मंडळींचा यावर एक आक्षेप असतो आणि तो फालतू नाही. ते म्हणतात, या शब्दांवर दीडशे वर्षांचे निवाडे उभे आहेत. ‘डिटरमिन’चा अर्थ न्यायालयांनी पक्का केला आहे. नवा शब्द आणाल तर त्याच्या अर्थासाठी नव्याने भांडणं लागतील, आणि त्या भांडणांचा खर्च तुमचे ते सामान्य पक्षकारच भरतील. मुद्दा खरा आहे. ‘कन्सिडरेशन’सारखा शब्द, कराराच्या कायद्यात ज्याला मराठीत प्रतिफल म्हणतात, असा सहज उपटता येणार नाही. त्याच्या पोटात एक आख्खी संकल्पना आहे. पण ‘डिटरमिन’च्या पोटात काय आहे? ‘संपणे’ याखेरीज काही नाही. ‘डिमाईज’मध्ये भाडेपट्ट्याखेरीज काही नाही. ‘प्रेझेंट्स’मध्ये तर तेवढंही नाही. जिथे जुना शब्द कायद्याची एखादी कल्पना वाहतो तिथे तो राहू द्या आणि खाली त्याचा अर्थ छापा. जिथे तो नुसता सवयीने बसला आहे तिथून त्याला उठवा.

शिक्षणाबद्दल मला जरा कमी बोलायचं आहे, कारण तिथे निदान वारं फिरलेलं दिसतं. अमेरिकेला शिकायला जाणाऱ्या मराठी मुलांच्या एका पिढीने जीआरईसाठी हजारो शब्दांच्या याद्या घोकल्या. पुण्यातल्या होस्टेलांच्या भिंतींवर त्या शब्दांचे कागद डकवलेले असत. २०११च्या ऑगस्टमध्ये परीक्षेने विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न काढून टाकले आणि शब्द वाक्यात विचारायला सुरुवात केली. अमेरिकेतली राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा, जिच्यात भारतीय वंशाच्या मुलांनी मक्ता घेतल्यासारखी जिंकायची सवय लावली आणि २०१९ साली तर आठ संयुक्त विजेत्यांत सात तीच होती, तिनेही २०१३पासून शब्दार्थाचे प्रश्न आणले. त्यातही कशी तारांबळ उडते पाहा. २०२२च्या स्पर्धेत ‘पुल्युलेशन’ या शब्दाचा अर्थ चुकला म्हणून एका मुलीला बाद केलं. मग परीक्षकांनी पुन्हा कोश पाहिले, तिचं उत्तरही धरता येतं असं मान्य करून तिला परत घेतलं, आणि शेवटी स्पर्धा तिनेच जिंकली. दुर्मीळ शब्दालाही एकच अर्थ नसतो, मग रोजच्या शब्दाचं काय!

आपल्या विद्यापीठांत मात्र बी.ए.च्या पुस्तकांत टिपा अजून अवघड शब्दांनाच असतात. जेन ऑस्टिनच्या कादंबरीत ‘कन्डिसेन्शन’ हे बड्या घरच्या बाईचं कौतुक म्हणून येतं, खालच्यांशी मिळून वागण्याचा गुण म्हणून. आज तो शब्द तुच्छतेचा आहे. पात्राच्या तोंडच्या भाबड्या स्तुतीत लेखिकेने लपवलेला चिमटा कळायला आधी ती स्तुती आहे हे कळावं लागतं. तिथे टीप नसते. मराठीतही आपण तेच करतो. पसायदान शिकवताना ‘व्यंकटी’चा अर्थ फळ्यावर लिहिला जातो. ‘किंबहुना सर्व सुखीं’मधल्या ‘किंबहुना’चा कोणी लिहीत नाही, कारण तो शब्द रोज भाषणांतून कानावर पडतो. आज आपण तो ‘उलट’, ‘त्याहीपुढे जाऊन’ अशा अर्थाने वापरतो. ज्ञानेश्वर म्हणतात, आता फार काय सांगावं. जुन्या मराठीचा शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांनी केलेला कोश १९९९पासून उपलब्ध आहे. तो शाळांच्या कपाटात किती ठिकाणी आहे, हा वेगळाच विषय.

साहित्याचा मजकूर बदलू नये. त्याच्या समासात ओळखीच्या पण फिरलेल्या शब्दांना आधी टीप द्यावी आणि प्रश्नपत्रिकेत ‘फॅरागो’ऐवजी ‘फाँड’ विचारावा, एवढं अभ्यास मंडळं एका बैठकीत करू शकतात. कायद्याच्या बाबतीत ताबडतोब करण्यासारखं काम दस्तांच्या नमुन्यांचं आहे. घरखरेदीसाठी रेराच्या नियमांनी आदर्श करारनामा ठरवून दिला, तसा भाडेपट्ट्याचा आणि कुलमुखत्यारपत्राचा नमुना राज्याने द्यावा. त्यात ‘डिटरमिन’च्या जागी ‘टर्मिनेट’, ‘डिमाईज’च्या जागी ‘लीज’, ‘प्रेझेंट्स’च्या जागी ‘डॉक्युमेंट’ लिहावं, आणि शेजारच्या रकान्यात मराठी पाठ छापावा. जुन्या दस्तांचे अर्थ न्यायालयं आजवर लावत आली तसेच लावत राहतील, त्यांना धक्का लागत नाही. दुय्यम निबंधकासमोर अंगठा किंवा सही करणाऱ्याला मात्र पट्टा कधी आणि कशाने संपणार आहे हे सही करण्याआधी वाचता येईल.